नवीचा हार आणि जुनीची साखळी

आमच्या घरात दोन आया आहेत. एक भिंतीवर आणि एक जमिनीवर. भिंतीवरची माझी जन्मदाती. मला धड चालताही येत नव्हतं तेव्हा ती गेली, त्यामुळे माझी तिची ओळख फोटोपुरतीच. जमिनीवरची त्यानंतर आली, आणि आली त्याच दिवशी गल्लीने तिचं नाव ठेवलं 'नवी'. आता तिचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती नवीच. वस्तू जुनी होते, चप्पल जुनी होते, नवरा तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच जुना होतो. ही बाई मात्र काही केल्या जुनी होईना. मी तिला आईच म्हणते. पण तिची गोष्ट सांगायची तर नवीच म्हणावं लागेल, कारण तिचं सगळं दुखणं त्या एका शब्दात आहे. नवी म्हटलं की आधी कुणीतरी होतं हे आलंच.

सावत्र आई म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. शेजारच्या बाया मला बाजूला घेऊन विचारायच्या, "छळते का गं?" छळायची ना. पण मला नाही, बाबांना. माझ्या वेण्या तिने घातल्या, मी तापाने फणफणले तेव्हा उशाशी ती बसली, गणिताच्या सरांशी भांडायला तीच गेली आणि भांडण जिंकून आली. माझ्यावर तिचा राग एकाच गोष्टीसाठी असायचा आणि ती माझ्या हातात नव्हती. माझं नाक भिंतीवरच्या आईचं आहे. वेणी घालताना नवी आरशातून त्या नाकाकडे बघायची आणि कंगवा जरा जोरात ओढायची. एवढाच काय तो सावत्रपणा.

कोपऱ्यावर तिची लॉन्ड्री आहे. तिथे काउंटरवर बसून ती अख्ख्या वस्तीची कुंडली वाचते. शर्ट हातात आला की आधी कॉलर उलटी करून बघायची. कॉलर एका बाजूने झिजलेली असली की माणूस फोन खांद्यात धरून बोलतो. कोपर पातळ झालं की बसून नोकरी. "कपडा खोटं बोलत नाही," असं ती म्हणते. मलाही तिने ते शिकवलं होतं, म्हणून पुढचं सगळं मला थोडंफार तरी वाचता आलं.

मेलेल्या माणसाशी शर्यत लावू नये. ते दमत नाही, चिडत नाही, म्हातारं होत नाही. नवीने लावली. कुणीतरी म्हणालं, जुनी काय सुरेख गायची! झालं, नवीने गाण्याचा क्लास लावला. थोड्याच दिवसांत गाण्याच्या सरांनी स्वतः घरी येऊन बाबांना हळूच सांगितलं की वहिनी इस्त्री फार सुंदर करतात. कुणी म्हणालं, जुनीने लावलेली मोगऱ्याची कुंडी बघा अजून फुलते. नवीने शेजारी स्वतःची कुंडी ठेवली आणि दोघींना पाणी घालताना हात असा काही वळायचा की जुनीच्या कुंडीला उरलंसुरलं मिळायचं. तरी जुनीचाच मोगरा जास्त फुलला. खालच्या मजल्यावरची म्हातारी एकदा जुनीचं कौतुक करता करता थांबेचना, तेव्हा नवी फाडकन म्हणाली, "मेल्या म्हशीला मणभर दूध!" मग मी तिथेच उभी आहे हे तिच्या लक्षात आलं. तिने जीभ चावली, आणि त्या संध्याकाळी माझ्या शाळेच्या गणवेशाला विनाकारण दोनदा इस्त्री केली.

फोटोचंही तसंच. तो भिंतीवर नवीनेच लावला, रोज पुसायचीही तीच. पण लावला अशा जागी की दार उघडलं की जुनी दाराआड. आणि आमचं दार दिवसभर उघडंच असतं.

बाबा घड्याळजी. लॉन्ड्रीच्या समोरच्या फुटपाथला त्यांचं दुकान, म्हणजे एक काउंटर, एक स्टूल आणि भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. दिवसभर इतकी टिकटिक ऐकल्यावर बोलायचा आपला वाटा त्यांनी घड्याळांनाच देऊन टाकला असावा. नवी चार वाक्यं बोलायची तेव्हा बाबा एक हुंकार द्यायचे, आणि त्या हुंकाराचा अर्थ काय यावर ती पुढची चार वाक्यं बोलायची.

तर त्यांच्या कपाटात दोन डबे होते. एकात जुनीची साखळी. बारीक, साधी, दोऱ्याहून जरा जाड म्हणा. दुसऱ्यात नवीचा हार, चांगला भरघोस, मधोमध पानांची नक्षी असलेला. बघणारा म्हणेल नवीचीच बाजी. पण नवी बघायची ते वेगळंच. बाबा अधूनमधून ती साखळी काढायचे, भिंग डोळ्याला लावायचे आणि घड्याळाच्या बारीक ब्रशने एकेक कडी साफ करून परत मऊ कपड्यात गुंडाळायचे. नवीच्या हाराला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. हुक सैल झाला म्हणून तिने दाखवला की मान वर न करता म्हणायचे, "सोनाराकडे टाक."

"तुमच्यासमोर ठेवलाय तर बघाल तरी?"

"सोन्याचं काम सोनाराचं. टाक त्याच्याकडे."

हे 'टाक' तिला लागायचं. तिची साखळी ठेवायची, आणि माझा हार टाकायचा! यावर ती आठवडाभर जळायची आणि त्या आठवड्यात बाबांच्या शर्टांना जरा जास्तच कांजी बसायची. मान वळवली की कॉलर कापायची त्यांना.

हळूहळू तिच्या मनाने घेतलं की हार पोकळ आहे. दिसायला मोठा, आत काही नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि साखळी म्हणजे अस्सल, जुन्या काळातलं शुद्ध सोनं, म्हणून तर एवढी जपणूक. पहिलीला मनापासून दिलं आणि दुसरीला दाखवण्यापुरतं. हा संशय तिने इतकी वर्षं पोसला की तो घरातल्या माणसासारखाच झाला होता, जेवायला बसताना त्याचंही पान मांडायचं तेवढं बाकी होतं.

माझं लग्न ठरलं आणि बाबा एके दिवशी जेवताना स्वतःहून बोलले, हीच मोठी बातमी. म्हणाले, "हिच्या आईची साखळी हिला द्यायची."

नवीचा घास हातातच राहिला. मग म्हणाली, "द्या की. तिचीच आहे. पण देण्याआधी दोन्हींचं मोल करून घ्यायचं. साखळीचं आणि हाराचं."

"हाराचं कशाला?"

"मला कळायला नको, मी कुठे उभी आहे ते?"

बाबा म्हणाले आपल्या सोनाराला दाखव. तर ती उसळली. तो सोनार बाबांचा मित्र, दुपारचा चहा एकत्र. "ज्याने विकलं त्यालाच विचारायचं, काय रे, खरं विकलंस का? तो काय नाही म्हणणार आहे? मला असा माणूस पाहिजे ज्याला घ्यायचं नाही, द्यायचं नाही आणि तुमच्याबरोबर चहा प्यायचा नाही."

असा माणूस तिनेच शोधून काढला. लॉन्ड्रीत एका वकिलाचे काळे कोट यायचे, त्याला विचारलं. वाटण्यांच्या भांडणात दागिन्यांचं मोल कोण करतं? त्याने पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी नवी मला घेऊन निघाली. दोन्ही डबे पर्समध्ये, पर्स काखेत, आणि वर मला ताकीद, "तू काही बोलू नकोस. तुझं नाक बघून कुणी काही ओळखेल."

"माझं नाक बघून त्यांना काय कळणार?"

"लोकांना सगळं कळतं."

शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर एक खोली होती. दारावर पाटी, 'येथे दागिने विकत घेतले जात नाहीत, विकले जात नाहीत, गहाण ठेवले जात नाहीत.' नवीने ती पाटी समाधानाने दोनदा वाचली. आत मोल करणारी एक बाई बसली होती. आखूड केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि अंगावर सोनं म्हणाल तर कानात कुडीसुद्धा नाही. नवीने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि माझ्या कानात म्हणाली, "बरी आहे. हिला कुणाचं काही नको."

टेबलावर पांढरा कपडा अंथरलेला, कडांना उंच पट्टी, काही निसटलं तरी खाली जाऊ नये म्हणून. खिडकीचा उजेड थेट त्यावर. व्हॅल्युअर बाईंनी आधीच सांगून टाकलं, "दागिना कुणाचा, कुणी दिला, कधी दिला, काही सांगायचं नाही. माणूस कळला की हात चुकतो. मी एक नंबर, दोन नंबर एवढंच म्हणते."

हे ऐकून नवीचा चेहरा जो काही उजळला! तिने झटकन आपल्या हाराचा डबा पुढे सरकवला. "हा एक नंबर."

आयुष्यभर दोन नंबरला राहिलेल्या बाईचा तो क्षण होता, आणि तो फारच छोटा निघाला. व्हॅल्युअर बाई म्हणाल्या, "नाही ताई, लहान दागिना आधी घेते मी. डोळे ताजे असताना." आणि साखळी पुढे ओढून घेतली. "ही एक. हार दोन."

मी खिडकीबाहेर बघितलं. हसू आलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

त्यांनी साखळी काट्यावर ठेवली, मग दगडावर हलकेच घासून रंग पाहिला, मग एक लहानसा लोहचुंबक जवळ नेला. आणि साखळीचा हुक टुणकन उडी मारून चुंबकाला चिकटला.

नवी खुर्चीतून अर्धी उठली. "लोखंड!" तिच्या आवाजात जो आनंद होता तो मी तोवर फक्त तिच्या भिशीच्या दिवशी ऐकला होता. "बघितलंस? लोखंड आहे! इतकी वर्षं कपड्यात गुंडाळून..."

ती माझ्याकडे बघत होती आणि मला, खोटं कशाला बोलू, संताप आला होता. भिंतीवरच्या आईशी माझं काही बोलणं झालेलं नाही, पण तिची साखळी लोखंडाची निघाली म्हणून कुणी टाळ्या वाजवाव्यात हे मला सहन होईना.

"बसा ताई," व्हॅल्युअर बाई म्हणाल्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "साखळी सोन्याचीच आहे. चांगलं शुद्ध सोनं. ही हुकातली पिन तेवढी पोलादाची." मग त्या भिंगाआडून हसल्या. "गंमत आहे. हे सोनाराचं काम नाही. सोनार असता तर विस्तव लावून जोड दिला असता. इथे कुणीतरी जुनी मोडलेली पिन कोरून काढलीय आणि घड्याळाच्या पट्ट्याची पिन कापून बसवलीय. टोकं ठोकून गोल केलीत, आणि मग घासून अशी गुळगुळीत केलीत की गळ्याला टोचू नये. नुसत्या डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. घड्याळजीचा हात आहे हा. आणि फार सवडीने केलंय."

नवी हळूच खाली बसली.

त्या बाईंना काय कल्पना! त्यांनी तर सांगायला बंदी घातली होती, आणि स्वतः मात्र सांगत सुटल्या. "घालणारीने ही रात्रंदिवस घातलीय. बघा, कड्या एकमेकींना घासून आतून पातळ झाल्यात. झोपतानासुद्धा काढली नसणार. पिनही बहुधा एकदा नाही, पुन्हा पुन्हा बदललीय, भोकाच्या कडा सांगतात. मोडली की तो माणूस पुन्हा बसवत असणार."

कपडा खोटं बोलत नाही, आणि साखळीही नाही. नवीला ही भाषा माझ्यापेक्षा चांगली येत होती. दुसऱ्यांच्या कॉलरी वाचण्यात जन्म गेलेला, आज कुणीतरी तिच्यासमोर तिच्याच घराची कॉलर उलटी करून दाखवली होती.

मग हार. तो आतून भरीव निघाला. सोनं साखळीइतकंच शुद्ध, वजन तिच्या कितीतरी पट, नक्षीचं काम नामांकित हाताचं. हुकाला सोनाराने दरवेळी स्वच्छ जोड दिलेला. "दोन नंबरचा दागिना फार उत्तम आहे ताई. पहिल्याशी तुलनाच नाही. कुणी दिला असेल त्याने हात आखडता घेतलेला नाही."

इतकी वर्षं ती जे ऐकायला तळमळत होती ते हेच. सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात, तसे टोचले गेले होते. आणि नवी तिथे बसून रडवेली झाली होती.

"पिनेचं काय धरलंत?" तिने विचारलं.

"पिनेचं? काहीच नाही. पोलादाला कसलं मोल?" व्हॅल्युअर बाई कागद भरता भरता म्हणाल्या. "उलट ती काढून सोन्याची बसवून घ्या. पोलाद कडक, सोनं मऊ. भोक खात जाईल. कुठलाही सोनार चुटकीसरशी करून देईल."

"करून घेऊ," नवी ताडकन म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. न बोलायचं ठरलेलं असूनही.

जिन्यात आमचं जुंपलं. ती म्हणाली भोक खाईल, तू ऐकलंस ना. मी म्हटलं खाऊ दे, साखळी माझी आहे. ती म्हणाली मिळेल तेव्हा तुझी, अजून मिळायची आहे. मी म्हटलं तुला भोकाची काळजी नाही, तुला ती पिन डोळ्यांत खुपतेय. खालच्या शिंप्याने मशीन थांबवलं. नवी एक पायरी खाली होती. तिथून मान वर करून म्हणाली, "हो, खुपतेय. हार दिला तो पैशाने दिला. पैसा काय, कुणीही देतं. माझं काहीतरी मोडलं म्हणून हा माणूस कधी वाकून बसलाय का? एकदा तरी? आणि तिच्यासाठी पुन्हा पुन्हा." मग पर्स काखेत घट्ट दाबून ती पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाट उघडलं तर दोन्ही डबे गायब. लॉन्ड्रीचं शटर अर्धं ओढलेलं. भर दुपारी, कपडे न्यायला माणसं यायच्या वेळी नवीने दुकान बंद केलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. गेली सोनाराकडे. आत्तापर्यंत पिन काढून फेकूनही दिली असेल. मी तशीच धावत रस्ता ओलांडून बाबांच्या दुकानात शिरले, निदान त्यांना तरी सांगावं म्हणून.

तर नवी तिथेच. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, लॉन्ड्रीचा निळा एप्रन तसाच अंगात. काउंटरवर तिचा हार पसरलेला, आणि बाबा भिंग लावून त्याच्या हुकावर वाकलेले.

"कसा तुटला म्हणालीस?" बाबा विचारत होते.

"आपोआप."

"आपोआप तुटला तर त्याच्यावर पकडीचे दात कसे उमटलेत?"

"उमटू देत."

मी पाहिलं, एप्रनच्या खिशातून पकडीच्या मुठी बाहेर डोकावत होत्या. लॉन्ड्रीत पितळी बिल्ले कपड्याला दाबून लावायला ती वापरते तीच पकड.

"सोनाराकडे..." बाबांनी सुरुवात केली.

"सोनाराकडे नाही. पिन बसवा. घड्याळाची."

बाबांनी भिंग काढलं. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मोल करून आलो तेव्हा काय काय बाहेर आलं असेल ते त्यांना त्या क्षणी समजलं असावं. ते बराच वेळ ब्रशशी चाळा करत राहिले. आणि मग ते बोलले. भिंतीवरची सगळी घड्याळं मिळून जेवढं बोलत नसतील तेवढं त्या दिवशी बोलले.

"अगं, त्यात मिरवण्यासारखं काय आहे? तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात बाकड्यावर बसायचो. सोनाराकडे न्यायची ऐपत नव्हती. साखळी मोडली की ती माझ्याकडे द्यायची, आणि मी पट्ट्याची पिन कापून लावायचो. सोन्याला पोलाद. चार बायकांत हुकाचं टोक दिसू नये म्हणून घासत बसायचो, लाज वाटायची म्हणून. ती कधी काही बोलली नाही, त्याची आणखी लाज. मग ती गेली. आजही साखळी साफ करायला काढतो ना, तेव्हा आधी ती पिनच दिसते. तू आलीस तेव्हा ठरवलं, हिच्या गळ्यात ठिगळ लावायचं नाही. हिचं काही मोडलं तर सोनाराकडेच जाईल."

नवी त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही 'सोनाराकडे टाक' म्हणत होता ते..."

"हं."

"हे मला सांगितलं का नाही?"

"तू कधी विचारलंस?"

"रोज विचारत होते!" ती इतक्या जोरात म्हणाली की रस्त्यावरचा एक माणूस थांबला. "रोज. तुम्हाला कळलं नाही, त्याला मी काय करू?"

बाबांनी हुंकार दिला. यावेळी त्याचा अर्थ तिने विचारला नाही. हार त्यांच्याकडे सरकवत म्हणाली, "मला ठिगळच पाहिजे. बसवा."

"एवढ्या भारी हाराला पोलाद शोभणार नाही."

"न शोभू दे. नाकापेक्षा मोती जड झालाय तो नाहीतरी."

बाबांनी खण उघडला, पिनांची डबी काढली, एक निवडली, नापसंत केली, दुसरी निवडली. माझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं तेही सांगते. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या पोटात दुखलं. भिंतीवरच्या आईकडे त्या एका पिनेशिवाय होतं काय? फोटो दाराआड, मोगऱ्याला उरलंसुरलं पाणी, गल्लीत तिचं नाव उरलं तेही नवीमुळे, जुनी म्हणून. आता पिनही वाटून घेणार ही. नवी आयुष्यभर कशाने जळत होती ते मला तिच्या हाताखाली इतकी वर्षं वाढून कळलं नव्हतं, ते तिथे उभ्या उभ्या कळलं. जळणं हे फार साधं असतं. दुसऱ्याचं आहे, आपलं नाही, एवढंच.

बाबांचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. पिन चिमट्यातून निसटली. मी गुडघ्यांवर बसून काउंटरखाली शोधली. सापडली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा नवीने आपला चष्मा काढून बाबांच्या चष्म्यावर धरला, म्हणाली, "आता बघा." दोन चष्मे आणि वर भिंग, अशा अवतारात बाबांनी ती पिन भोकात घातली. गिऱ्हाइकं आली आणि बघून थांबून राहिली. टोकं ठोकताना नवीने बाबांचा हात मनगटाजवळ धरून ठेवला. मग घासणं. बाबा घासायचे, बोट फिरवून बघायचे, पुन्हा घासायचे.

झाल्यावर त्यांनी दुसरा डबा उघडला. साखळीच्या हुकाकडे बघत म्हणाले, "हिचीही बदलून टाकू का? झिजलीय. पोरीला नवी घालून देतो."

मी तोंड उघडलं, पण नवी माझ्या आधी बोलली. "तिला हात लावायचा नाही. ती आहे तशीच पोरीला जाईल. भोक खाल्लं तर खाल्लं, तेव्हाचं तेव्हा बघू." आणि माझ्याकडे न बघता, "नाहीतर ही मला जन्मभर बोलून दाखवेल. नाक तिच्यावरच गेलंय."

नवीने दोन्ही हुक शेजारी शेजारी ठेवले, आपला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि मला वाटलं आता सुटली ही एकदाची. कसली सुटतेय! तिने दोन्हींवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"खरं सांगा," ती बाबांना म्हणाली. "जास्त गुळगुळीत कुठली झालीय? हिच्या आईची की माझी?"

मी बाबांकडे बघून मान हलवली, नका सांगू. पण इतकं बोलून झाल्यावर त्यांना सवय लागली असावी.

"तिची," ते म्हणाले. "तेव्हा डोळे चांगले होते."

नवीने क्षणभर विचार केला. हार गळ्यात घातला, तसाच, एप्रनवर, आणि हुक लावायला पाठ बाबांकडे केली.

"म्हणजे माझ्या पिनेला वेळ जास्त लागला."

"लागला बाई. फार लागला."

"हं," नवी म्हणाली, आणि लॉन्ड्री उघडायला गेली.